आधी काम ठरवा, मग दुवा शोधा: नोकरीची आणि जगण्याची कौशल्यं ऑनलाइन साधनांतून कशी शिकवावीत

माझ्या ब्राउझरमध्ये एकेकाळी ‘कौशल्यं’ नावाचं एक फोल्डर होतं. संभाषणकला, वेळेचं नियोजन, अर्थसाक्षरता, सायबर सुरक्षा असे शे-दीडशे दुवे मी त्यात साठवले होते. त्यातले व्हिडिओ वर्गात लावले की मुलं शांतपणे बघायची आणि ‘छान होता’ म्हणायची. पुढे त्याच मुलांनी आपापले प्रकल्प ईमेलने पाठवले. विषयाची ओळ कोरी, मजकूर कोरा आणि जोडलेल्या फाइलचं नाव ‘फायनल फायनल २’. ईमेल कसा लिहावा याचा व्हिडिओ पाहून त्यांना दहा दिवसही झाले नव्हते.

पोहण्याचा व्हिडिओ बघून कुणाला पोहता येत नाही, हे आपण सहज मान्य करतो. ईमेल, मुलाखत, महिन्याचा हिशेब यांच्या बाबतीत मात्र विसरतो. ऑनलाइन साधन नमुना दाखवतं, सरावाला जागा देतं, आणि बटण चुकीचं दाबलं तर सांगतंही. पण ‘हे पत्र वाचून समोरच्याला नेमकं काय करायचं ते कळलं का’ हे विचारायला माणूसच लागतो. म्हणून या लेखात दुव्यांची यादी शेवटी नाही आणि सुरुवातीलाही नाही. ती मधे, कामांच्या ओघात येते.

पायरी १: कौशल्याचं नाव खोडा, काम लिहा

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्यं मांडली. निर्णय घेणं, समस्या सोडवणं, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध, स्वतःची जाणीव, समानुभूती, भावनांना आणि ताणाला तोंड देणं. यादी चांगली आहे आणि आजही तिचा आधार घेतला जातो. पण सोमवारी दुसऱ्या तासाला ‘परिणामकारक संवाद’ शिकवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिच्यातून कळत नाही.

म्हणून कौशल्याचं रूपांतर अशा वाक्यात करा, की जे झालं की नाही ते तिऱ्हाइतालाही सांगता यावं. ‘संवाद’ऐवजी ‘अनोळखी व्यक्तीला माहिती मागणारा सहा ओळींचा ईमेल पाठवणं’. ‘अर्थसाक्षरता’ऐवजी ‘कर्जाचे दोन पर्याय स्प्रेडशीटमध्ये मांडून स्वस्त कोणता ते दाखवणं’. ‘चिकित्सक विचार’ऐवजी ‘फोनवर आलेला एक फोटो खरा कधीचा आणि कुठला आहे ते शोधून काढणं’. ‘सांघिक काम’ऐवजी ‘चौघांनी एकाच फाइलवर लिहिणं आणि कुणी काय बदललं ते फाइलच्या बदलांच्या इतिहासात दाखवणं’.

एका सत्राला अशी पाच-सहा कामं पुरतात. कोणती निवडायची हे कळत नसेल तर तुमच्याच शाळेतून वर्षा-दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या, आता कुठे काम करणाऱ्या मुलांना विचारा: ‘पहिल्या महिन्यात कशात लाज गेली?’ मला मिळालेली उत्तरं कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हती. कुणाला मीटिंगची वेळ कशी ठरवायची ते माहीत नव्हतं, कुणी सगळ्यांना उत्तर देण्याचं बटण दाबून बसला होता, तर कुणाला ‘मला हे समजलं नाही’ असं साहेबांना कसं म्हणायचं तेच सुचत नव्हतं.

पायरी २: साधन वर्गात नेण्याआधी स्वतः विद्यार्थी व्हा

काम ठरलं की मग शोध. सापडलेलं प्रत्येक साधन फोनवर, ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता उघडा. शिक्षक म्हणून मोठ्या पडद्यावर जे नीटनेटकं दिसतं, ते मुलांच्या फोनवर अर्धं कापलेलं किंवा जाहिरातींनी भरलेलं असू शकतं. मग धडा शेवटापर्यंत करा. अर्ध्या वाटेत ‘पुढचं पाहण्यासाठी सदस्य व्हा’ अशी पाटी अनेक ठिकाणी लागते, आणि ती चाळीस मुलांसमोर लागण्यापेक्षा तुमच्या एकट्यासमोर लागलेली बरी.

वयाची अट तपासा. बऱ्याच संकेतस्थळांवर १३ वर्षांची मर्यादा दिसते, कारण १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायला मनाई करणारा अमेरिकन कायदा आहे. तो १९९८ चा. तुमचा देश कोणताही असो, मुलांना खोटी जन्मतारीख टाकायला लावून धडा सुरू करू नका. सायबर सुरक्षेचा पहिलाच धडा खोटं बोलून सुरू होतो, हे त्यांच्या लक्षात येतंच.

तिसरं, साधन कुणी बनवलंय ते बघा. बँकेने बनवलेला अर्थसाक्षरतेचा धडा वाईटच असतो असं नाही. पण कर्ज ‘कसं’ घ्यावं हे तो छान सांगेल, घेऊच नये का यावर कदाचित चटकन पुढे सरकेल. सॉफ्टवेअर कंपनीचा धडा तिचंच सॉफ्टवेअर शिकवणार. हे मुलांपासून लपवू नका, उलट त्यांनाच शोधायला लावा.

चौथी गोष्ट देशाची. करप्रणाली, कामगार कायदे, विमा, पतमानांकन यांवरचं साहित्य ज्या देशात तयार झालं त्या देशाला बांधलेलं असतं. संवाद, हिशेब, फाइल सांभाळणं, माहिती पडताळणं ही कौशल्यं मात्र सीमा ओलांडून येतात. बाहेरचं साहित्य या दुसऱ्या गटासाठी बिनधास्त वापरा. पहिल्या गटासाठी आपल्याच सरकारी संस्थांची पानं शोधा.

आणि परवाना. ‘मुक्त शैक्षणिक साधनं’ (कुणालाही विनामूल्य वापरता येणारं साहित्य) ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ मधल्या बैठकीत रुजली, आणि त्याच वर्षी क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे साहित्य कोणत्या अटींवर वापरता येईल ते सांगणारे, पहिले परवाने आले. त्यांतला ‘श्रेय द्या’ प्रकार असेल तर साहित्य भाषांतरित करून, कापून-जोडून वापरता येतं. ‘बदल नको’ प्रकार असेल तर भाषांतर करून वाटता येत नाही. मराठीत साहित्य नेऊ पाहणाऱ्यांनी हा फरक आधी बघावा, नाहीतर आठवड्याची मेहनत वाया जाते.

पायरी ३: कामानुसार साधनं

*कार्यालयातली रोजची कामं.* जीसीएफग्लोबल हे ना-नफा संस्थेचं संकेतस्थळ इथे माझी पहिली पसंती. वर्ड, एक्सेल, ईमेल, संगणकाची तोंडओळख यांवर छोटे धडे आहेत, ते विनामूल्य आहेत, आणि व्हिडिओसोबत लिहिलेला मजकूरही आहे. मजकूर असणं फार महत्त्वाचं: मुलांना एक पायरी पुन्हा बघायची असते, आणि व्हिडिओत ती शोधण्यात वेळ जातो. सॉफ्टवेअरचा परवाना परवडत नसेल तर लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. सूत्रं, तक्ते, पत्रलेखन यांच्या सरावाला ते पुरेपूर आहे. टंकलेखनासाठी टायपिंग डॉट कॉम चालतं. रोज दहा मिनिटं, तीही पडद्याकडे बघत. बोटांकडे बघायची सवय लागली की सुटता सुटत नाही.

ईमेलचा तास मी आता असा घेतो. आधी काहीही न शिकवता एक प्रसंग देतो: एका ग्रंथालयाच्या प्रमुखांना पत्र लिहा, तुमच्या गटाला वाचनकक्ष दोन तासांसाठी हवा आहे. मुलं लिहितात. मग पत्रांवरची नावं झाकून पाच पत्रं पडद्यावर लावतो आणि वर्गाला ग्रंथालय-प्रमुखाच्या खुर्चीत बसवतो. ‘तुम्ही परवानगी द्याल का? द्यायची तर तारीख कोणती, माणसं किती, हे पत्रात कुठे आहे?’ बहुतेक पत्रांत ते नसतंच. आता कुठे मुलांना नमुन्याची भूक लागते. मग जीसीएफग्लोबलचा ईमेलवरचा धडा, आणि मग दुसरं पत्र. विषयाच्या ओळीत मागणी आणि तारीख, पहिल्याच वाक्यात आपण कोण, शेवटी उत्तर कुठे द्यायचं, फाइल जोडली असेल तर तिचं नाव वाचून आत काय आहे ते कळावं. सीसी (प्रत कुणाला गेली ते सगळ्यांना दिसतं) आणि बीसीसी (ते इतरांना दिसत नाही) यांमधला फरक समजावून सांगायला पाच मिनिटं जातात. वर्गातच तीन जणांना पत्र पाठवून कुणाला कुणाची नावं दिसतात ते बघितलं तर एका मिनिटात कळतो.

सामायिक फाइलवरचं कामही याच गटातलं. ऑनलाइन दस्तऐवजाला बदलांचा इतिहास असतो. तो उघडून दाखवला की ‘मी पण काम केलंय सर’ हा वाद संपतो, आणि चुकून पुसलेला मजकूर परत आणता येतो हे कळल्यावर मुलांची भीतीही जाते.

*पैसा.* खान अकॅडमी या शैक्षणिक संकेतस्थळावर अर्थसाक्षरतेचा विनामूल्य अभ्यासक्रम आहे. व्याज, अंदाजपत्रक, बचत, कर्ज यांच्या संकल्पना त्यात नीट सोडवून सांगितल्या आहेत. त्यातले कर आणि निवृत्तीचे भाग अमेरिकेपुरते आहेत, ते सोडून द्या. पण खरं साधन रिकामी स्प्रेडशीट. मुलांना विचारा: १००० उसने घेतले, महिना ३ टक्के व्याज, काहीच फेडलं नाही, तर वर्षाने किती? जवळजवळ सगळे १३६० म्हणतात. आता पहिल्या ओळीत १०००, दुसऱ्या ओळीत वरच्या आकड्याला १.०३ ने गुणायचं सूत्र, आणि ते खाली ओढायचं. बाराव्या महिन्याला १४२६ येतात, कारण व्याजावरही व्याज चढतं. चोविसाव्या महिन्याला २०३३, म्हणजे दुपटीहून थोडे जास्त. तिथे थांबून बहात्तरचा नियम सांगा: ७२ ला व्याजाच्या दराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा अंदाजे काळ मिळतो. ७२ भागिले ३ म्हणजे २४ महिने. आकडा स्वतःच्या पडद्यावर आधी आलेला असतो, त्यामुळे नियम पाठ करावा लागत नाही. मग दर बदलून बघा, दर महिन्याला थोडी फेड घालून बघा. एखादा हुशार मुलगा फेड व्याजापेक्षा कमी ठेवतो आणि कर्ज कमी का होत नाही म्हणून विचारतो. त्या प्रश्नासाठी तास लांबवायला हरकत नाही.

*माहितीची पडताळणी.* इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण शाळांमध्ये अजूनही उलटं शिकवलं जातं: पान नीट वाचा, लेखकाचं नाव बघा, संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट कॉम’ने संपतो की ‘डॉट ऑर्ग’ने ते बघा, मांडणी व्यावसायिक आहे का बघा. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं दाखवून ते काय करतात ते पाहिलं. इतिहासकार आणि विद्यार्थी बऱ्याचदा त्याच पानावर रेंगाळले आणि देखण्या बोधचिन्हाला फसले. तथ्य-तपासनिसांनी पान जवळजवळ वाचलंच नाही. नवीन टॅब उघडले आणि ‘या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात’ ते शोधलं. याला आडवं वाचन म्हणतात. या कामातूनच ‘सिव्हिक ऑनलाइन रीझनिंग’ हा विनामूल्य अभ्यासक्रम उभा राहिला. त्यातले धडे वर्गात जसेच्या तसे नेता येतात, उदाहरणं मात्र आपल्या मुलांच्या फोनवरची घ्या.

त्याच्या जोडीला माइक कॉलफील्ड यांची चार पावलांची पद्धत शिकवा: थांबा, स्रोत कोण ते बघा, त्याच विषयावरची अधिक भरवशाची बातमी शोधा, आणि दावा, वाक्य किंवा फोटो मूळ जागी नेऊन पाहा. चौथ्या पावलासाठी टिनआय किंवा गूगल लेन्सवर उलटा प्रतिमा-शोध करता येतो, म्हणजे फोटो टाकून तो आणखी कुठे आलाय ते शोधता येतं. माझा आवडता गृहपाठ: घरातल्या मोठ्यांनी पुढे पाठवलेला एखादा फोटो निवडा आणि त्याचं सर्वांत जुनं सापडणारं रूप शोधून आणा. सोबत एक अट, मोठ्यांना खजील करायचं नाही. खरी कसोटी ती आहे. ‘आजोबा, हा फोटो जुना आहे’ हे न दुखावता कसं सांगायचं, हे कुठलंच संकेतस्थळ शिकवत नाही.

*सुरक्षितता.* लहान वयासाठी गूगलचा इंटरलँड हा खेळ, मोठ्यांसाठी गूगलच्याच जिगसॉ गटाची फिशिंग प्रश्नमंजूषा. दुसरीत फसवे ईमेल ओळखायचे असतात आणि शिक्षकही सपशेल चुकतात. वर्गनिहाय तयार धडे हवे असतील तर कॉमन सेन्स एज्युकेशनकडे आहेत. ‘हॅव आय बीन पॉन्ड’ या ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या संकेतस्थळावर आपला ईमेल पत्ता कुठल्या डेटाचोरीत उघड झालाय का ते दिसतं. तिथे शिक्षकाने स्वतःचा पत्ता टाकून दाखवावा, मुलांचे पडद्यावर टाकू नयेत. ‘दर तीन महिन्यांनी बदला, एक चिन्ह घाला’ वगैरे पासवर्डबाबतची जुनी शिकवण आता सोडा. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने २०१७ पासून लांबीवर भर दिला आहे आणि कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं म्हटलं आहे. चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड, प्रत्येक खात्याला वेगळा, आणि शक्य तिथे दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर आलेल्या कोडसारखी दुसरी खात्री.

*मुलाखत आणि बायोडेटा.* युरोपासचा बायोडेटा बनवणारा विनामूल्य साचा युरोपियन युनियनचा आहे, पण मांडणीचा नमुना म्हणून कुणालाही चालतो. फोरेज या संकेतस्थळावर कंपन्यांनी बनवलेली विनामूल्य आभासी कामं आहेत. मोठ्या मुलांना ‘या नोकरीत दिवसभर करतात तरी काय’ याचा अंदाज येतो. मुलाखतीसाठी मात्र फोनचा कॅमेरा पुरे. जोड्या करा, तीन प्रश्न, दोन मिनिटांत उत्तरं, आणि रेकॉर्डिंग एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून ऐका. पहिल्यांदा हात आणि नजर दिसतात, दुसऱ्यांदा ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ किती वेळा आले ते ऐकू येतं. बघून झाल्यावर रेकॉर्डिंग मुलांसमोरच पुसून टाका.

*ताण आणि भावना.* इथे हात आखडता घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ताणावर एक सचित्र मार्गदर्शिका काढली, सोबत ऐकायचे सरावही आहेत. ती विनामूल्य मिळते आणि वर्गात चालते. त्यापलीकडे एखादं मूल खरंच अडचणीत दिसलं तर दुवा पाठवू नका, समुपदेशकाकडे न्या.

*कृत्रिम बुद्धिमत्ता.* फिनलंडचं हेलसिंकी विद्यापीठ आणि रिॲक्टर ही तंत्रज्ञान कंपनी यांचा ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ हा २०१८ पासूनचा विनामूल्य अभ्यासक्रम आधी शिक्षकांनी करावा. वर्गात चॅटबॉटचा उपयोग मला दोन ठिकाणी पटतो: मुलाखत घेणारा म्हणून, आणि चुकीचं पण आत्मविश्वासाने बोलणारा म्हणून. त्याच्याकडून एखाद्या ओळखीच्या विषयावर संदर्भ मागवा आणि ते खरोखर अस्तित्वात आहेत का ते आडव्या वाचनाने तपासायला लावा. नाव, पत्ता, गुण, घरच्या गोष्टी त्याला सांगायच्या नाहीत, हे आधीच ठरवून घ्या.

पायरी ४: तासाची मांडणी

क्रम असा ठेवा: आधी मुलांना न शिकवता प्रयत्न करू द्या, मग नमुना, मग दुसरा प्रयत्न, मग एकमेकांची तपासणी. पंचेचाळीस मिनिटांत व्हिडिओ आठ-दहा मिनिटांहून जास्त नको. मोठा असेल तर हवा तेवढाच तुकडा लावा, सुरुवातीची ओळख आणि शेवटचं ‘सबस्क्राइब करा’ कापून. मधे दोनदा थांबवून ‘आता पुढे काय करेल?’ विचारा. इंग्रजी व्हिडिओ असेल तर आवाज बंद करून पडद्यावरची कृती दाखवा आणि निवेदन तुम्ही मराठीत करा. मला हे भाषांतरित उपशीर्षकांपेक्षा जास्त उपयोगी पडलं आहे, कारण मुलांना मधेच प्रश्न विचारता येतो.

पायरी ५: इंटरनेट दगा देणार, हे धरून चाला

लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेचं कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर यासाठीच आहे. एका संगणकावर खान अकॅडमीसह अनेक मुक्त साहित्यसंग्रह उतरवून ठेवायचे आणि शाळेतल्या स्थानिक जाळ्यावरून बाकीच्या यंत्रांना द्यायचे; बाहेरचं कनेक्शन फक्त उतरवताना लागतं. तेही जमत नसेल तर मजकुराच्या धड्यांच्या प्रती छापा. ईमेलचा सराव कागदावरही होतो: वर विषय, खाली मजकूर, आणि पत्रवाहक म्हणून एक विद्यार्थी. चौघांत एकच फोन असेल तर फोन धरणारा दर पाच मिनिटांनी बदला, नाहीतर एकच जण शिकतो आणि तिघं मान डोलावतात.

पायरी ६: प्रमाणपत्राऐवजी पुन्हा तेच काम

ऑनलाइन अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रं मुलांना आवडतात, पालकांना त्याहून जास्त. मिळवू द्या. पण कौशल्य आलं का हे बघायचं तर तीन आठवड्यांनी, कसलीही पूर्वसूचना न देता, तसंच पण वेगळं काम द्या. पहिलं पत्र ग्रंथालयाला होतं, आता उशिरा आलेल्या वस्तूची तक्रार. तपासताना चारच प्रश्न: काम पूर्ण झालं का, समोरच्याला पुन्हा विचारावं लागेल का, चूक स्वतः शोधून दुरुस्त केली का, आणि कसं केलं ते दुसऱ्याला सांगता येतं का? गुण द्यायचे असतील तर दुसऱ्या प्रश्नाला दुप्पट द्या.

प्रत्येक मुलाचं एक फोल्डर ठेवा आणि त्यात पहिला प्रयत्न जपून ठेवा. सत्राच्या शेवटी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली की मुलंच हसतात.

पायरी ७: दुव्यांची वही

शेवटी ते फोल्डर. माझं जुनं मी पुसलं नाही, पण त्याची एक स्प्रेडशीट केली. रकाने सहा: काम, दुवा, लॉगिन लागतं का, लागणारी मिनिटं, इंटरनेटशिवाय चालेल का, आणि शेवटचं कधी उघडून पाहिलं. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश हे ब्राउझरमधले खेळ चालवणारं सॉफ्टवेअर बंद केलं तेव्हा असंख्य शैक्षणिक खेळ एका फटक्यात उघडेनासे झाले, आणि माझ्या यादीतले काही त्यांत होते. आता सत्र सुरू होण्याआधी एक दुपार काढतो, प्रत्येक दुवा फोनवर उघडतो आणि तारीख टाकतो. सलग दोन सत्रं जो वापरला गेला नाही तो उडवतो. शे-दीडशेतले सध्या एकवीस उरले आहेत, आणि त्यातलेही तीन मी केवळ मोहापोटी ठेवलेत.